तिसऱ्या खेपेचे चौदा दिवस

हे प्रकरण गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका बाईंचे आणि त्यांच्या जठरातल्या, दोन कोर्सना दाद न दिलेल्या जंतूचे आहे. मी त्यांचा फॅमिली डॉक्टर. ओळख पटू नये म्हणून वय, कुटुंब आणि महिन्यांचे काही तपशील बदलले आहेत. औषधे, मात्रा आणि आमच्या चुका मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत. लिहायला बाईंची संमती आहे. त्यांनी अट एकच घातली, की ज्येष्ठमधाची गोष्ट गाळायची नाही.

पार्श्वभूमी

वय ४६. मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका, म्हणून सारा गाव त्यांना 'बाई' म्हणतो, मीही. नवऱ्याचा खाणीवर ट्रक होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या, सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा ट्रक विकून टॅक्सी घेतली. घरात सासूबाई आणि वेर्ण्याला कारखान्यात जाणारा मुलगा. बाईंना रक्तदाबासाठी रोज सकाळी क्लोरथॅलिडोनची एक गोळी चालू होती.

दोन वर्षे त्या 'पित्त आहे' म्हणून दिवस काढत होत्या. बेंबीच्या वर जळजळ, रात्री दोन-अडीचला भुकेसारखी कळ, आणि जेवायला बसले की चार घास शीतकडीत (भात-आमटीत) पोट भरलेले. पर्समध्ये अँटासिडची स्ट्रिप कायम. माझ्याकडे आल्या त्या पोटासाठी नव्हे, थकव्यासाठी. शाळेचा जिना चढताना धाप लागू लागली होती. हिमोग्लोबिन ९.४ आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, ८; दोन्ही कमी. लोहाच्या गोळ्या याआधी दोनदा झाल्या होत्या. घेतल्या तेवढे दिवस हिमोग्लोबिन वाढायचे आणि थांबवल्या की उतरायचे.

एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या भागात सूज आणि लहान आतड्याच्या तोंडाशी छोटासा व्रण (अल्सर) दिसला. तिथला तुकडा काढून युरिएझ चाचणीत टाकला, तर पिवळा रंग काही मिनिटांत गुलाबी झाला. म्हणजे जठरात राहणारा जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी.

रिपोर्ट वाचून बाईंनी विचारले, "ॲसिडमध्ये जंतू जगतो कसा?" हाच प्रश्न वैद्यकशास्त्राला कित्येक वर्षे पडला होता. जठरात जंतू टिकूच शकत नाहीत अशी सर्वांची समजूत होती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली हा जंतू वाढवून दाखवला. तरी कोणी मानेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचे द्रावण स्वतः प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला जठराच्या कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले होते. जंतूची युक्ती साधी आहे. तो युरियापासून अमोनिया तयार करतो, त्याने भोवतालचे आम्ल मारतो आणि जठराच्या चिकट अस्तरात रुतून बसतो. औषधही तिथे नीट पोहोचत नाही. लोह शोषले न जाण्यामागेही बहुधा तोच होता.

अडचण

पहिली खेप चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी सुरू झाली. क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम ही दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारे पँटोप्राझोल, तिन्ही दिवसातून दोनदा, चौदा दिवस. त्या वेळी सर्रास दिला जाणारा कोर्स. तोंडात नाणे ठेवल्यासारखी चव, चौथ्या दिवसापासून जुलाब. नवव्या दिवशी घरात माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायची होती, मुंबईचे पाहुणे आले होते, आणि बाईंनी गोळ्या बंद केल्या. मला सांगितले नाही. मी विचारलेही नाही. 'कोर्स झाला ना?' असे विचारले, आणि त्या प्रश्नाला माणूस 'हो'च म्हणतो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी विष्ठेतील अँटिजनची (जंतूच्या अंशांची) चाचणी केली. निगेटिव्ह. सगळ्यांना आनंद झाला. पण त्या दिवशीही पँटोप्राझोल चालू होते. आम्ल कमी करणाऱ्या या गोळ्यांनी जंतूंची संख्या तात्पुरती घटते आणि चाचणीच्या हाती काही लागत नाही. अँटिबायोटिक आणि बिस्मथ (याच जंतूवर दिले जाणारे धातूच्या क्षाराचे औषध) थांबून किमान चार आठवडे, आणि अशा गोळ्या थांबून किमान दोन आठवडे झाल्याशिवाय ही चाचणी करायची नसते. हे मला ठाऊक होते. घाईच्या ओपीडीत मी ते तपासले नाही.

शिगम्याच्या सुमारास रात्रीची कळ परतली. या वेळी नियम पाळून चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली. दुसरी खेप लेव्होफ्लॉक्सासिन, अमॉक्सिसिलिन आणि पँटोप्राझोलची. बाईंनी हा कोर्स एकही गोळी न चुकवता पूर्ण केला. जूनमध्ये, शाळा सुरू होताना, पुन्हा चाचणी. पुन्हा पॉझिटिव्ह.

असे का झाले याचे उत्तर एका प्लास्टिकच्या पिशवीत होते. मी जुने कागद मागितले, तेव्हा नवऱ्याने घरातल्या सगळ्या चिठ्ठ्यांची पिशवीच आणून टेबलावर ओतली. सहा वर्षांत बाईंनी खोकल्यासाठी अझिथ्रोमायसिन पाच वेळा घेतले होते. खडूच्या धुळीचा खोकला तो, अँटिबायोटिकने जाणारा नव्हेच. जुलाबासाठी ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी किती वेळा, याची मोजदाद नव्हती. ती चिठ्ठीशिवायही मिळत होती. अझिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन सख्खी भावंडे आहेत. जंतूच्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेत एक छोटा बदल झाला की दोन्ही निकामी. ऑफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन यांचेही तसेच. म्हणजे ज्या दोन औषधांवर आम्ही दोन खेपा उभ्या केल्या, त्यांच्याशी बाईंच्या पोटातल्या जंतूची आधीच ओळख झालेली होती. त्यातल्या दोन चिठ्ठ्या माझ्याच अक्षरातल्या होत्या.

मधला पावसाळा

दोन कोर्स फसल्यावर बाईंचा अँटिबायोटिकवरचा विश्वास उडाला. त्यांचे बोलणे मला आजही आठवते: "डॉक्टर, दोन वेळा पोटाची वाट लागली, जंतू तिथेच. आता मी माझे बघते." मी विरोध केला नाही आणि चौकशीही केली नाही. माझ्या मते या सबंध प्रकरणातली सर्वांत मोठी चूक तीच. त्यांना मी दीड महिना एकटे सोडले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्या पोटऱ्यांना गोळे येतात म्हणून आल्या. रक्तदाब १६८/१००, जो वर्षभर १३० च्या घरात होता. पोटॅशियम २.९, म्हणजे बरेच कमी. पाय किंचित सुजलेले. मी घरात काय काय चालू आहे ते सगळे घेऊन यायला सांगितले. पिशवीतून निघाले ते असे: मधात हळद, कलौंजीचे तेल, ऑनलाइन मागवलेली ब्रोकोलीच्या मोडांची पावडर, ग्रीसमधून आलेल्या मस्तकीच्या (एका झाडाच्या डिंकाच्या) कॅप्सूल, आणि ज्येष्ठमधाची पूड, जी त्या सहा आठवडे रोज दोन चमचे घेत होत्या.

ज्येष्ठमध आपल्या घरोघरी घसा बसला की चघळतात, आणि एखादी काडी चघळण्याने काही होत नाही. पण त्यातले ग्लिसरायझिन मोठ्या प्रमाणात आणि सलग पोटात गेले की शरीर मीठ-पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. क्लोरथॅलिडोननेही पोटॅशियम उतरतेच. दोन्ही एकत्र म्हणजे हृदयाचे ठोके बिघडण्याचा खरा धोका. लेव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध त्या अवस्थेत दिले गेले असते तर तो आणखी वाढला असता. ज्येष्ठमध बंद केले, पोटॅशियम दिले, रक्तदाबाचे औषध बदलले. आकडे जागेवर यायला तीन आठवडे लागले.

मी रागावलो नाही. त्या दिवशी आम्ही बसून एकेका डबीबद्दल बोललो, आणि माझ्या दृष्टीने उपचार तिथून सुरू झाला.

पर्याय

आधी पूरक उपायांचे. बाईंचा प्रश्न रास्त होता: "यातले कशानेच काही होत नाही का?"

मध, हळद, मस्तकी, ब्रोकोलीच्या मोडांतले सल्फोराफेन हे सगळे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत या जंतूला रोखतात. बशीतला जंतू उघडा असतो, पोटातला चिकट अस्तराखाली दडलेला. मस्तकीवर १९९८ मध्ये प्रयोगशाळेतली आशादायक नोंद प्रसिद्ध झाली, आणि २००३ साली आठ रुग्णांना ती रोज चार ग्रॅम चौदा दिवस दिली तेव्हा आठांच्याही पोटात जंतू तसाच राहिला. पुढच्या छोट्या अभ्यासांतले निकाल एकसारखे नाहीत. ब्रोकोलीच्या मोडांनी काहींत जंतूंचा जोर कमी झालेला दिसतो, पण थांबवले की तो परततो. लसूण आणि हिरव्या मिरचीची चाचणी १९९९ मध्ये माणसांवर झाली, त्यात काही फरक पडला नाही. त्याच चाचणीत बिस्मथने मात्र जंतू दबला. कफ पातळ करणारे एन-ॲसिटिल सिस्टीन जठराचे अस्तर सैल करून औषधाला वाट देईल अशी कल्पना आहे. त्याचे पुरावे इतके उलटसुलट आहेत, की मी ते बाईंना दिले नाही.

प्रोबायोटिकचा, म्हणजे पोटाला उपकारक अशा जिवंत सूक्ष्मजीवांचा, दावा वेगळा आहे आणि म्हणूनच मला तो पटतो. एकटे प्रोबायोटिक हा जंतू घालवत नाही. पण सॅकॅरोमायसिस बुलार्डीसारखे प्रकार कोर्समधले जुलाब आणि मळमळ कमी करतात, त्यामुळे माणूस कोर्स पुरा करतो. जंतू जाण्याचे प्रमाणही काही अभ्यासांत थोडे वाढलेले दिसते. बुलार्डी हे यीस्ट असल्यामुळे बॅक्टेरियावरची औषधे त्याला मारत नाहीत. नवव्या दिवशी कोर्स सोडलेल्या बाईंना नेमकी हीच मदत हवी होती. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णाला मात्र हे देत नाहीत, यीस्ट रक्तात उतरण्याची भीती असते.

मग औषधांचे. पणजीच्या पोटविकारतज्ज्ञांशी मी फोनवर आणि नंतर बाईंना घेऊन प्रत्यक्ष बोललो. पाच वाटा होत्या.

पुन्हा एंडोस्कोपी करून तुकडा कल्चरला (जंतू वाढवून पाहायला) पाठवायचा आणि कोणते औषध लागू पडते ते पाहायचे. शास्त्राच्या दृष्टीने हे उत्तम. पण हा जंतू नाजूक, कमी ऑक्सिजनमध्येच वाढतो, वाटेत मरतो, आणि हे कल्चर करणाऱ्या प्रयोगशाळा थोड्या. बाईंची पुन्हा नळी घालून घ्यायची तयारीही नव्हती. दुसरी वाट रिफाब्युटिनची. ते क्षयाच्या औषधांच्या कुळातले, आपल्या देशात ते अगदी शेवटी हात लावायचे. तिसरी, व्होनोप्राझान या आम्ल जोरात दाबणाऱ्या नव्या औषधाबरोबर अमॉक्सिसिलिनची मोठी मात्रा. अमॉक्सिसिलिन दुभंगणाऱ्या जंतूलाच मारते, आणि आम्ल हटले की हा जंतू दुभंगू लागतो, म्हणून ही जोडी जमते. चौथी, बिस्मथसह चार औषधांचा जुना कोर्स. पाचवी, तूर्त काहीच न करणे.

पाचवीचा विचार आम्ही खरोखर केला. पण व्रण होता, रक्त उतरत होते, आणि बाईंच्या सख्ख्या मामांचा मृत्यू जठराच्या कर्करोगाने झाला होता. ही गोष्ट मला या भेटीत पहिल्यांदा कळली. तिथे तो पर्याय मिटला.

तिसरी आणि चौथी यांत तज्ज्ञांचा कल चौथीकडे होता. बिस्मथला जंतू सरावत नाही, आणि टेट्रासायक्लिनला दाद न देणारे जंतू विरळ. मेट्रोनिडाझोलला आपल्याकडचे बहुतेक जंतू जुमानत नाहीत, पण मात्रा मोठी, दिवस चौदा आणि जोडीला बिस्मथ असेल तर त्यावर बऱ्याच अंशी मात करता येते. व्होनोप्राझानची जोडी पुढच्या खेपेसाठी राखून ठेवली. ती वेळ येऊ नये अशी सगळ्यांची इच्छा होती.

निर्णय आणि कृती

तारीख बाईंनी ठरवली: चवथ झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, घर शांत असताना. गेल्या वर्षीचा धडा त्यांनी स्वतःच वापरला.

टेट्रासायक्लिन मिळेना. डिचोलीत नाही, म्हापशात नाही. एका दुकानदाराने त्याऐवजी डॉक्सीसायक्लिन पुढे केले, 'एकच आहे' म्हणून. एकच नाही. या जंतूवर डॉक्सीसायक्लिनचा निकाल कमी भरतो. बाईंच्या नवऱ्याने टॅक्सीच्या भाड्यांच्या मधल्या वेळात पाच दिवस दुकाने पालथी घातली आणि शेवटी मडगावात कॅप्सूल मिळाल्या. ५६ पुऱ्या हातात आल्याशिवाय कोर्स सुरू करायचा नाही हे आम्ही आधीच ठरवले होते. अर्ध्यावर औषध संपण्याइतके वाईट काही नाही.

कोर्स असा होता: टेट्रासायक्लिन ५०० मिलिग्रॅम, मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम आणि बिस्मथ १२० मिलिग्रॅम, प्रत्येकी दिवसातून चार वेळा, आणि आम्ल कमी करणारे इसोमेप्राझोल ४० मिलिग्रॅम दोन वेळा. दिवसाला चौदा गोळ्या, चौदा दिवसांत १९६. शिवाय बुलार्डी २५० मिलिग्रॅम दोन वेळा, कोर्सभर आणि पुढे दोन आठवडे. हे प्रमाण त्यांच्या वजनाकडे, मूत्रपिंडाच्या तपासणीकडे आणि इतर औषधांकडे पाहून ठरवलेले आहे.

खरे काम स्वयंपाकघरात होते. टेट्रासायक्लिन कॅल्शियम आणि लोहाला चिकटते आणि वाया जाते. त्यामुळे दूध-दही गोळीच्या आगेमागे दोन तास नाही, लोहाच्या गोळ्या चौदा दिवस बंद. सासूबाई अशक्तपणासाठी सुनेला रोज सकाळी नाचणीचे तिझान (पातळ लापशी) देत होत्या. नाचणीत कॅल्शियम भरपूर, म्हणून ते दुपारी चारवर नेले. बुलार्डीची कॅप्सूल फोडून बाई गरम पेजेत मिसळणार होत्या. यीस्ट जिवंत असते, गरम पेजेत ते मरते, तेव्हा कॅप्सूल कोमट पाण्याबरोबर अखंड गिळायची. सोलकढीला हरकत नव्हती, नारळाच्या रसात दुधासारखे कॅल्शियम नसते. टेट्रासायक्लिन घेतल्यावर पेलाभर पाणी आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून जखम करते. उन्हात छत्री. आणि सर्दीला सासूबाई देतात ती चमचाभर फेणीसुद्धा नाही, मेट्रोनिडाझोलबरोबर दारू टाळायची असते.

मुलाने फ्रिजवर तक्ता चिकटवला, चौदा रकाने आणि रोजच्या चार वेळा. घेतलेल्या गोळीसमोर बाई लाल पेनने टिक करत, वह्या तपासाव्यात तशी. मी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या दिवशी फोन करायचे कबूल केले.

सहाव्या दिवशी माझ्या आधी त्यांचाच फोन आला, रात्री अकराला. शौचाला काळे झाले, जीभ काळी पडली, सासूबाई रडत होत्या. बिस्मथने हे होतेच आणि बाईंना मी ते सांगितले होते. घरच्यांना सांगितले नव्हते. तरी ज्याला व्रण आहे त्याचे काळे शौच फोनवर निकालात काढायचे नसते. तपासले: नाडी ८०, रक्तदाब ठीक, शौच काळे-हिरवे पण डांबरासारखे चिकट नाही, तसा उग्र वासही नाही. सकाळी हिमोग्लोबिन केले, १०.६, कोर्सच्या आधी होते तेवढेच. कोर्स चालू ठेवला.

नवव्या दिवशीच्या फोनला मी घाबरत होतो. मळमळ होती, तोंडाची चव गेली होती, पण जुलाब नव्हते. "गेल्या वेळी याच दिवशी सोडले होते," त्या आपणहून म्हणाल्या. मी विचारले, आज किती गोळ्या राहिल्या? "सत्तर." आकडा त्यांच्या तोंडपाठ होता. बडीशेप आणि खडीसाखर तोंडात ठेवून त्यांनी पुढचे पाच दिवस काढले. १९६ पैकी एक मेट्रोनिडाझोल उलटीत गेली, बाकी सगळ्या पोटात.

निष्पत्ती

कोर्स संपल्यावर आठ आठवड्यांनी, इसोमेप्राझोल पूर्ण थांबवून तीन आठवडे झाल्यावर, चाचणी केली. नमुना प्रयोगशाळेत नेण्यापूर्वी मी स्वतः औषधांची यादी पुन्हा वाचली. निगेटिव्ह. तीन महिन्यांनी पुन्हा केली, निगेटिव्ह. लोह पुन्हा सुरू केल्यावर चार महिन्यांत हिमोग्लोबिन १२.१ वर गेले आणि गोळ्या थांबवल्यावरही टिकले. रात्रीची कळ गेली. रक्तदाब जागेवर आहे.

यात बुलार्डीचा वाटा किती, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. जंतू मारला तो चार औषधांनी. पहिल्या खेपेत जुलाबांनी बाईंना हरवले, तिसऱ्या खेपेत जुलाब झाले नाहीत, एवढे मी पाहिले. तक्ता, फोन आणि शांत घर यांचाही त्यात हात असणार.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या भेटीतच ती पिशवी मागायला हवी होती. अझिथ्रोमायसिनच्या पाच चिठ्ठ्या दिसल्या असत्या तर क्लॅरिथ्रोमायसिनचा कोर्स मी सुचवलाच नसता, आणि बिस्मथचा कोर्स तिसऱ्याऐवजी पहिल्या खेपेला झाला असता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ सालीच क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या या जंतूला नव्या औषधांची तातडीने गरज असलेल्या जंतूंच्या यादीत बसवले होते. गावातल्या डॉक्टरलाही ते लागू होते.

'कोर्स झाला ना?' हा प्रश्न मी सोडून दिला आहे. आता 'किती गोळ्या उरल्या?' असे विचारतो. उरलेली स्ट्रिप दाखवायला कोणाला संकोच वाटत नाही.

घरगुती औषधांची विचारणा मी पहिल्या फसलेल्या कोर्सनंतर करायला हवी होती. रुग्ण ती लपवतात कारण आम्ही हसतो किंवा रागावतो. बाईंनी ज्येष्ठमध लपवले नव्हते, मी विचारले नव्हते.

एक प्रश्न शिल्लक आहे, घरच्यांचा. हा जंतू बहुतेकदा लहानपणी घरातूनच मिळतो आणि एका घरात तो अनेकांना असतो. मुलाची चाचणी निगेटिव्ह आली, नवऱ्याची पॉझिटिव्ह. मोठ्या माणसाला पुन्हा लागण होण्याचे प्रमाण कमी असले, तरी आपल्या भागात ते शून्य नाही. नवऱ्याला त्रास काहीच नाही, तरीही बाईंच्या मामांची आठवण असल्यामुळे त्याने उपचार घ्यायचे असे दोघांनी ठरवले आहे. त्याच्या जुन्या चिठ्ठ्या पाहून झाल्या आहेत. ५६ टेट्रासायक्लिन कॅप्सूल फ्रिजशेजारच्या कपाटात येऊन पडल्या आहेत, आणि टॅक्सीचा हंगाम ओसरला की तो सुरू करणार आहे. तक्ता या वेळी बाई स्वतः आखत आहेत.